उल्वारच्या चार ओळी

१

सोमवारी सकाळी पावणेनऊला राइली फोन न करता स्वतः जिना चढून वर आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. राइली साठीला आलेली बाई आहे आणि तिचे गुडघे दुखतात. आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत तिला एकच काम आहे, तयार होत आलेला खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा आणि त्यातले दोष हुडकायचे. एरवी ती खालच्या मजल्यावरून फोनवरच ओरडते.

"आर्मास, उल्वार बोलला," ती म्हणाली.

"बोलायलाच ठेवलाय त्याला."

"मनोऱ्यात बोलला."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

उल्वार हा आमच्या खेळातला जादूगार. राजाचा सल्लागार म्हणून दरबारात वावरतो आणि खेळाचे तीस तास सगळ्यांच्या पाठीमागे कारस्थानं करतो. दरबारात त्याचा आवाज घुमतो, कट शिजवताना तो कुजबुजतो. शेवटी राजपुत्र त्याला मनोऱ्याच्या माथ्यावर गाठतो, आणि तिथे उल्वार मुका असायला हवा होता. त्याचे शब्द नुसते पडद्यावर उमटतील असं आम्ही ठरवलं होतं, कारण दुसरा इलाज नव्हता.

उल्वारला आवाज दिला होता ताइस्तो हाल्ला यांनी. आमच्या ताम्पेरे शहराच्या रंगभूमीवर चाळीस वर्षं गाजलेला माणूस. ऑफिसात आम्ही सगळे एकमेकांना अरेतुरे करतो, पण ताइस्तोंना कुणाच्या तोंडून कधी 'तू' निघालं नाही. एप्रिलमध्ये गाठीमुळे त्यांचे स्वरतंतू काढावे लागले. आवाज गेला. तेव्हापासून ते वहीत लिहून बोलतात, तेही मोजकं. आणि मनोऱ्यातला हा शेवट आमच्या लेखकाने नव्याने लिहिला तो ऑगस्टमध्ये.

राइलीने तिच्या यंत्रावर प्रसंग लावला. बर्फाळ मनोरा, तुटलेला दिवा, भिंतीला टेकून बसलेला उल्वार. त्याने मान वर केली आणि तो अगदी हलक्या, कुजबुजत्या आवाजात बोलू लागला.

"ये, राजपुत्रा. दार उघडंच होतं. तुझ्या बापाला मी तीस वर्षं सल्ला दिला, एकदाही खोटं बोललो नाही. खरं तेवढं उशिरा सांगितलं. मुकुट जड असतो हे तुला कुणी सांगितलं नसेल, ते काम माझं होतं. आता दिवा विझव आणि खाली जा."

प्रत्येक ओळीत शेवटच्या शब्दाआधी जरासं थांबणं होतं. तसं जगात एकच माणूस थांबत असे. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो. मी सहसा काटा येऊ देत नाही.

"शब्द ऑगस्टचे आणि गळा एप्रिलमध्ये गेलेला," राइली म्हणाली. "मग हे बोललं कोण?"

२

प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. ताइस्तोंशी केलेल्या करारात एक कलम होतं: यंत्राने किंवा कुणा नकलाकाराने त्यांचा बनावट आवाज काढला, तर आम्ही ते त्यांना कळवायचं, आणि त्यांनी म्हटलं तर त्यांचा सगळा आवाज खेळातून काढून टाकायचा. इस्पितळात, त्यांच्या खाटेशी उभं राहून मी त्यावर हात मिळवला होता. ते 'काढा' म्हणणार याबद्दल मला शंका नव्हती. एका शब्दाच्या वादावरून या माणसाने एकदा ऐन तालमीतून कोट घालून घर गाठलं होतं. मग दोन वर्षांचं काम, त्यांचं शेवटचं काम, पुसलं जाणार आणि हेल्सिंकीच्या कुणातरी नटाकडून उल्वार पुन्हा बोलवून घ्यावा लागणार. खेळ शुक्रवारी प्रकाशकाकडे जायचा होता.

"त्यांना विचार की सरळ," राइली म्हणाली.

"काय विचारू? तुमचा आवाज चोरलाय, चोर माहीत नाही, असं? आधी चोर सापडू दे."

"बरं. मग वेसापासून सुरुवात कर."

मीही तोच विचार करत होतो. वेसा आमचा प्रोग्रामर, हुशार आणि अंगात खोड्या. मार्चमध्ये त्याने ताइस्तोंचा ध्वनिमुद्रित आवाज एका यंत्राला शिकवून उल्वारकडून पिझ्झा मागवला होता. सगळं ऑफिस हसलं होतं. मी हसलो नव्हतो.

"तू माझ्या मागे उभा राहून ते पुसून घेतलंस," वेसा म्हणाला. तो कानापर्यंत लाल झाला होता. "विसरलास?"

"पुन्हा बनवता येतं."

"येतं. पण मी बनवलेलं असतं तर लपवलं नसतं, कॉलर ताठ करून मिरवलं असतं. आणि हे यंत्राचं नाहीये, आर्मास. यंत्र इतकं दमत नाही."

"म्हणजे?"

"तिसऱ्या ओळीत ऐक. तो दमलाय. आम्ही दमणं शिकवलं नव्हतं त्याला."

बचाव चांगला होता, पण चांगला बचाव गुन्हेगारालाही सुचतो. मी जायला उठलो तसा वेसा मागून म्हणाला, "काउकोला विचारलंस का? दर पार्टीला उल्वार कोण बनतं?"

३

काउको मेल्ला आमचा लेखक. उल्वारची प्रत्येक ओळ त्याची, आणि उल्वारची नक्कलही. तिसऱ्या प्याल्यानंतर तो खुर्चीवर उभा राहून दरबार भरवतो. चेहऱ्याने तो स्वतःच एखाद्या पडेल राजासारखा दिसतो.

मी त्याला चारही ओळी ऐकवल्या. मला वाटलं तो घाबरेल किंवा खूश होईल. तो भडकला.

"शेवटचं वाक्य कुठाय?"

"कुठलं?"

"'दिवा विझव आणि खाली जा, कारण अंधार हेच माझं खरं राज्य होतं.' तीन आठवडे घालवले मी त्या वाक्यावर! कुणी खाल्लं ते?"

राइली दारात उभी होती. "वाक्य बोजड आहे," ती म्हणाली.

"तुला विचारलंय का कुणी?"

"नाही. तरी सांगते."

"काउको," मी म्हणालो, "हा आवाज तुझा आहे का?"

"माझा असता तर ते वाक्य त्यात असतं. जीभ तोडली असती, पण वाक्य सोडलं नसतं." मग तो जरा शांत झाला. "शिवाय माझी नक्कल घुमणाऱ्या आवाजाची. मी कुजबुजलो की मांजर शिंकल्यासारखं वाटतं. बायकोला विचार." पुढचं तो खालच्या आवाजात बोलला. "हे बघ, चार ओळी काढून टाक. कुणाला कळणार आहे? म्हाताऱ्याला कशाला त्रास?"

मोह झाला. खोटं बोलायचा नाही, खरं थोडं उशिरा सांगायचा. हे आपण कुठे ऐकलंय ते लगेच आठवलं आणि मी नाही म्हणालो.

उरली हिल्का. खेळातला प्रत्येक आवाज तिच्या हाताखालून जातो. ती ध्वनिमुद्रण करते, स्वच्छ करते, जागेवर बसवते. तिच्याशिवाय त्या चार ओळी मनोऱ्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून मी तिला शेवटी ठेवलं होतं. तिच्यावर संशय घ्यायचं मला जिवावर आलं होतं.

"शुक्रवारी संध्याकाळी मीच बसवल्या," तिने लगेच सांगितलं.

"कुणाच्या आहेत?"

हिल्का पडद्याकडे वळली.

"बनावट आहेत का?"

"चोरी झालेली नाही. यापुढे मी काही सांगणार नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

तिने नुसतं डोकं हलवलं. आमच्या लोकांना गप्प बसणं छान जमतं, पण हिल्काचं मौन पाहून मला भिंतीशी बोलणं सोपं वाटलं.

"हिल्का, बुधवारपर्यंत तू बोलली नाहीस तर मला हे बनावटच धरावं लागेल. मग ताइस्तोंचा आवाज जाईल आणि तुझी नोकरीही."

तिने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "माहितीये मला," ती म्हणाली आणि ड्रॉवरमधलं सामान एका खोक्यात भरायला लागली.

४

मंगळवारी राइलीने एकही खेळ खेळला नाही. हिल्काच्या रिकाम्या खुर्चीत बसून ती दिवसभर त्याच चार ओळी ऐकत होती. तीनच्या सुमारास तिने मला हाक मारली आणि हेडफोन माझ्या कानाला लावले.

"शब्द ऐकू नकोस. शब्दांच्या मधलं ऐक."

"मध्ये काही नाहीये."

"यंत्राने बनवलं असतं तर खरंच काही नसतं. हिल्काच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही नसतं, तिने भिंतींना इतकं कापूस-कापड लावलंय की तिथे माणसाला स्वतःचं पोट ऐकू येतं. इथे मात्र आहे. आवाज वाढवते."

आधी नुसती हवा होती. मग एक बारीक टिचकी. जरा वेळाने दुसरी. मग सुरुवातीला, पहिल्या शब्दाच्याही आधी, गरम गोष्टीवर पाण्याचे चार थेंब पडावेत तसा चर्र आवाज आला.

मी चालायला लागायच्या आधीपासून दर शनिवारी वाफेच्या आंघोळीत तो ऐकत आलोय. या देशात कुणालाही झोपेतून उठवून ऐकवा, तो ओळखेल.

"सौना," मी म्हणालो. "निवत चाललेल्या शेगडीचे दगड."

"शाबास. आता सांग, ध्वनिमुद्रणाची चांगली खोली सोडून माणूस वाफेत कशाला बोलेल?"

मी हेडफोन काढले. ती कोट न घालताच जिन्याकडे निघाली, दुखऱ्या गुडघ्यांनी, तळघरापर्यंत. आमच्या इमारतीत भाडेकरूंसाठी एक सौना आहे आणि तिच्या दारावर वेळांची यादी लटकवलेली असते. राइलीने चष्मा लावून बोट फिरवलं. गेल्या गुरुवारी, चार ते पाच, आमच्या कंपनीची वेळ. एरवी तिथे काउको नाहीतर वेसा असतो. त्या चौकटीत सुबक, जुन्या वळणाच्या अक्षरात एकच नाव होतं: हाल्ला.

"कुणीतरी त्यांच्या नावावर..." मी सुरुवात केली.

"आर्मास, विचार कर. खोटं नाव लिहायचंच तर संशय येईल असं कोण लिहील? ज्याने लिहिलं त्याला बाकी सगळं लपवायचं होतं. हिल्काकडून शब्द घेतला, खोली बदलली, कुणाला न दिसता आला. पण दुसऱ्याच्या वेळेत नाव न लिहिता सौनेत जायचं? ते त्याला जमलं नाही. तसा संस्कारच नाही. तुला तरी जमलं असतं का?"

मला जमलं नसतं.

"पण ताइस्तोंना आवाजच नाहीये!"

"गळ्यावर हात ठेव," राइली म्हणाली. "हं, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"थरथरतंय ना बोटांखाली? ते स्वरतंतू. आता तेच कुजबुज."

मी कुजबुजलो. बोटांखाली काहीच हललं नाही.

तळघरात आम्ही दोघं आपापला गळा धरून उभे होतो. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य लाकडं न्यायला खाली आला, आमच्याकडे बघून परत गेला.

"यंत्र नाही, कारण खाली सौना ऐकू येते," राइली म्हणाली. "काउको नाही, कारण त्याने ते वाक्य गाळलं नसतं. नकलाकार आणला असता तर त्याने कागदावर होतं तेवढं सगळं म्हटलं असतं. लेखकाचं लाडकं वाक्य बोजड वाटलं म्हणून न विचारता उडवतो तो कसलेला नट. चाळीस वर्षं लेखकांशी भांडलेला नट. त्याचा घसा कोरडा पडतो, म्हणून वाफ. तिसऱ्या ओळीला तो दमतो. आणि चारही ओळी कुजबुजतो, कारण त्याच्याकडे तेवढंच शिल्लक आहे. उल्वार कट करताना कुजबुजतोच, म्हणून आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही."

मी यादीवरच्या अक्षरांकडे बघत राहिलो. मला आनंद झाला आणि पाठोपाठ रागही आला.

"मग सांगितलं का नाही? हिल्काची नोकरी जात होती!"

"ते मला नाही कळलं," राइली म्हणाली. "ते ताइस्तोच सांगतील."

५

बुधवारी दुपारी आम्ही तिघं पिस्पालाच्या टेकडीवर ताइस्तोंच्या लाकडी घरी गेलो. खोक्यासकट हिल्काला मीच गाडीत बसवलं होतं. वाटेत तिची माफी मागितली. ती "हं" म्हणाली. आमच्याकडे ही पुरेशी माफी असते.

शब्द आता तिने मोडायचा प्रश्न नव्हता, आम्हाला कळलंच होतं. तेव्हा तिने इतकंच सांगितलं, "चार ओळींना दोन तास लागले. दोन-तीन शब्द, मग पाणी, मग वाफ. आमच्या वेळेनंतर कुणाचं नाव नव्हतं म्हणून बरं. मी बाहेर कपडे बदलायच्या खोलीत बसले होते, तार दाराखालून आत. माइकला लोकरीचा पायमोजा घातला होता. शेवटी त्यांना उभं राहवत नव्हतं."

ताइस्तो दारात आले ते एप्रन बांधून. गळ्याभोवती रुमाल, हातात कालथा. चुलीवर लोण्यात छोटे मासे तळत होते. आम्हा तिघांना एकत्र बघून त्यांनी हिल्काकडे पाहिलं. तिने मान हलवली. ते समजले.

स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: तिला काही बोलू नका.

"नाही बोलणार," मी म्हणालो. "पण ताइस्तो, आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही किती खूश झालो असतो!"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तालमीत चुकलेला नवखा नट झालो. मग बराच वेळ लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

तेच तर. तुम्ही खूश झाला असता. एप्रिलपासून मी काहीही केलं तरी लोक खूश होतात. परवा पावाच्या दुकानापर्यंत चालत गेलो, शेजारीण रडली. मी नट आहे. मला जाणून घ्यायचं होतं, काम जमलंय का. कुणाचं आहे हे माहीत नसताना तुम्ही ते ठेवलं असतं तर जमलं. काढलं असतं तर नाही. आता तुम्हाला माहीत झालंय. आता मला कधीच कळणार नाही.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओळी अप्रतिम आहेत, हेच माझ्या जिभेवर होतं आणि ते खरंही होतं. पण मी ते म्हटलं असतं तर त्याची किंमत शेजारणीच्या रडण्याइतकीच झाली असती. मी तोंड मिटलं. त्या क्षणी मी स्वतःलाच फार निरुपयोगी वाटलो.

राइलीने पर्स उघडली आणि त्यातून एक पिवळा कागद काढला. खेळातल्या प्रत्येक बिघाडासाठी ती असा कागद भरते. तिने तो टेबलावर मिठाशेजारी ठेवला.

"हा मी सोमवारी सकाळी भरलाय, आर्मासकडे जायच्या आधी," ती म्हणाली. "तेव्हा मला काही माहीत नव्हतं. वर वेळ लिहिलीये, आठ वाजून वीस मिनिटं."

ताइस्तोंनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. मनोरा, उल्वार, चार ओळी. दोष एक: तिसऱ्या ओळीत 'सांगितलं नसेल' विरून जातं, कळत नाही. दोष दोन: पहिल्या ओळीत 'ये'नंतरचा थांबा फार लांब, खेळणाऱ्याला वाटतं खेळ अडकला. खाली, जिथे ती नेहमी 'काढा' किंवा 'दुरुस्त करा' लिहिते, तिथे लिहिलं होतं: ठेवा, दुरुस्त करून.

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग घडी घालून परत उघडला आणि तिसऱ्यांदा वाचला. त्यांची हनुवटी हलायला लागली. हिल्का खिडकीबाहेर बघू लागली, मी टेबलावरच्या मिठाकडे.

मग ताइस्तोंनी वही बाजूला सारली, एक घोट पाणी घेतलं, आणि आमच्या देखत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पहिला दोष मान्य," ते कुजबुजले. शब्द खरखरीत होते, पण एकूण एक कळत होते. "गुरुवारी पुन्हा घेऊ. दुसरा दोष तुमच्या कानात आहे."

"माझ्या कानाला काही झालेलं नाही," राइली म्हणाली. "दोन सेकंद थांबता तुम्ही. मोजलेत मी."

"राजाचा सल्लागार आहे तो. घाई नोकरांना असते."

"मरतोय तो!"

"म्हणून तर."

राइलीने खुर्ची पुढे ओढली. ताइस्तोंनी कालथा उचलून तिच्यावर रोखला. सात महिन्यांत त्या माणसाशी कुणी भांडलं नव्हतं, आणि आता तो एक शब्द, एक घोट पाणी, एक शब्द असं करत जीव खाऊन भांडत होता. हेल्सिंकीच्या एका नटाला मी सोमवारीच विचारून ठेवलं होतं; अंगणात जाऊन त्याला नको म्हणून कळवलं. परत आलो तेव्हा दोघं अजून पहिल्या ओळीवरच होते, हिल्का थांबा मोजायला घड्याळ धरून बसली होती, आणि मासे करपून गेले होते.